सव्वा किलो पितळ

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकच प्रश्न असतो, ‘वीकएंडला काय केलंस?’ उत्तरंही ठरलेली. लोणावळा, मल्टिप्लेक्स, नाहीतर नुसती झोप. पोळ्याच्या लाँग वीकएंडनंतर मी सांगितलं, ‘पितळ वितळवलं.’ दोन सेकंद सगळे गप्प. मग टीममधला एक जण म्हणाला, ‘हे कुठलं नवीन अ‍ॅप?’

अ‍ॅप नाही हो! खरंखुरं पितळ. नऊशे डिग्रीच्या वर तापलेलं, आमरसासारखं दिसणारं आणि बघताना पोटात गोळा आणणारं. ठिकाण, माझ्या मामाच्या घराचं परस. गाव लाखनी, जिल्हा भंडारा.

लाखनी कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात : नागपूरहून रायपूरच्या दिशेनं निघायचं. हा पूर्वीचा हायवे नंबर सहा, आताचा ५३. भंडारा मागे टाकलं की वीसेक किलोमीटरवर लाखनी. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधे मधे तलाव. या तलावांना इथे ‘मामा तलाव’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सगळे आपल्याच मामाचे! प्रत्यक्षात ते ‘माजी मालगुजारी’ तलाव, त्याचं लघुरूप ‘मामा’. जवळच गडेगावच्या एमआयडीसीत अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. त्यामुळे लेथ, गिअर, बेअरिंग हे शब्द इथल्या घरांत नवे नाहीत.

माझा मामा आयुष्यभर मशीन शॉपमध्ये राबला. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, मामा परसात गेला. तिथे टिनाच्या शेडखाली एक जुना छोटा लेथ, एक ड्रिल मशीन, एक वाइस. आणि कोपऱ्यात मातीनं लिंपलेला एक पत्र्याचा डबा. हा डबा म्हणजे त्याची भट्टी.

‘काय बनवतोयस मामा?’

‘तुझ्या आजोबाचं इंजिन.’

विकलेलं इंजिन

या इंजिनाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणी नाही. आजोबांच्या शेतातल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत अशी इंजिनं महाराष्ट्रभरच्या विहिरींवर धडधडू लागली. पाऊस दगा देई तेव्हा आमचं धान त्या इंजिनानं वाचवलं. पुढे शेतावर वीज आली, मोटार बसली. आजोबा तोवर गेले होते. इंजिन गोठ्यात पडून होतं. आजी म्हणाली, राहू द्या कोपऱ्यात, खायला मागतं का ते? पण मामाला पैशांची गरज होती आणि भंगाराला भाव बरा होता. इंजिन गेलं. आजी त्यावर परत एक शब्द बोलली नाही. ‘बोलली असती तर बरं झालं असतं,’ असं मामा एकदाच म्हणाला होता.

आता आजीही नाही. आणि मामानं ठरवलं, ते इंजिन परत करायचं. खरं नाही, पाचपट लहान. टेबलावर बसेल एवढं. आत डिझेल जळणार नाही, ते एवढ्या छोट्या मापात फार किचकट. सायकलच्या पंपानं टाकीत हवा भरायची, त्या हवेच्या जोरावर पिस्टन हलणार आणि चाक फिरणार.

आता तुम्ही म्हणाल, हा काय छंद झाला? तर बॉस, या छंदाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं मासिकच निघालं. तिथे स्टुअर्ट टर्नर नावाची कंपनी छोट्या इंजिनांचे ओतीव भाग विकू लागली. ते आणायचे आणि घरच्या लेथवर घासून-कातून इंजिन जोडायचं. अमेरिकेत डेव्ह गिंजरी या गृहस्थानं १९८० मध्ये कोळशाच्या भट्टीवर पुस्तक लिहिलं आणि पुढच्या पुस्तकांत त्या भट्टीतून ओतलेल्या भागांनी आख्खा लेथ कसा बनवायचा ते सांगितलं. भट्टीतून लेथ!

आणि हे फक्त गोऱ्यांचं वेड आहे असं वाटत असेल तर दायमाबाद आठवा. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव. तिथे १९७४ साली जमिनीखाली चार ओतीव वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथाला चाकं, प्राण्यांखालीही चाकांची सोय. त्यांच्या काळाबद्दल वाद आहेत, पण बरेच अभ्यासक त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे धातूचं छोटं वाहन ओतून बनवावं असं वाटणारा मराठी मुलखातला पहिला माणूस माझा मामा नक्कीच नव्हे.

माझी पहिली चूक

छोट्या इंजिनाचे बाकीचे भाग अ‍ॅल्युमिनियमचे. ते ६६० डिग्रीला वितळतं, घरी जमतं. मामानं त्यासाठी गॅरेजमधून बाइकचे बाद पिस्टन आणले. कोल्ड्रिंकचे कॅन का नाही? कारण कॅनचा पत्रा इतका पातळ की अर्धा मळच होतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम मुळात ओतण्यासाठीच बनवलेलं असतं, तेच परत छान ओतलं जातं.

पण चाकाला वजन हवं. फ्लायव्हील हलकं असलं की इंजिन आचके देतं. मूळ चाक बिडाचं. बीड वितळायला साडेअकराशेच्या वर जावं लागतं, ते घरच्या डब्याचं काम नाही. मग उरलं पितळ. आणि भंडारा जिल्ह्यात पितळेला काय तोटा! भंडाऱ्याला ‘ब्रास सिटी’ म्हणतात ते उगाच नाही. इथली पितळी भांडी विदर्भभर हुंड्यात गेली, लग्नात गेली, रुखवतात मांडली गेली. स्टील आलं, मग प्लास्टिक आलं आणि ठोक्यांचा आवाज कमी होत गेला.

ओतायचं म्हणजे आधी नमुना हवा, पॅटर्न. मामा लाकडात कोरणार होता. मी म्हटलं, थांब, मी पुण्याहून थ्रीडी प्रिंट करून आणते. १२० मिलिमीटरचं चाक, सहा आरे, एकदम परफेक्ट. मोठ्या ऐटीत मामाच्या हातात ठेवलं. मामानं व्हर्निअर लावला आणि हसला.

‘किती ठेवलं?’

‘एकशेवीस. तू सांगितलंस तेवढंच.’

‘पोरी, पितळ थंडं झालं का आकसते.’

थंड होताना पितळ साधारण दीड टक्का आकसतं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून किंचित कमी, बीड एक टक्का. त्यात लेथवर कातायला दोन्ही बाजूंनी थोडा जास्तीचा धातू हवा. म्हणजे १२० चं चाक हवं तर पॅटर्न जवळजवळ १२५ चा. जुने पॅटर्नवाले यासाठी वेगळी फूटपट्टीच वापरत, तिच्यावरचा प्रत्येक इंच थोडा मोठा. शिवाय पॅटर्नच्या कडा किंचित तिरक्या हव्यात, नाहीतर वाळूतून काढताना साचा तुटतो. आणि आरे सरळ नकोत, वाकडे हवेत! जुन्या यंत्रांच्या चाकांचे आरे इंग्रजी ‘एस’सारखे असत ते नक्षी म्हणून नव्हे. कडा आणि मधला तुंबा वेगवेगळ्या वेळी थंड होतात, आरा ताणला जातो. सरळ आरा तडकतो, वाकडा थोडी ढील देतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं करून मला हे माहीत नव्हतं. मामाला मशीन शॉपमध्ये माहीत झालं होतं.

पोळा आणि दिवाळी

नवा पॅटर्न घेऊन मी पोळ्याला लाखनीत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत चाललेली, त्यांच्या चाकांचा खडखडाट. आणि परसात आमची भट्टी. तिच्या आतला लेप खास इथला आहे, माती आणि धानाच्या तुसाची राख. भंडाऱ्यात राइस मिल जागोजागी, तूस पाहिजे तितकं. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतेक सगळी सिलिका असते, ती उष्णता आत धरून ठेवते. मोठे स्टील कारखानेही वितळलेलं पोलाद गरम ठेवायला हीच राख वापरतात. मामा ती मिलमधून थैलीभर फुकट आणतो.

चाकाच्या मधल्या भोकासाठी वाळूचा गाभा लागतो, कोअर. तो बांधायला जवसाचं तेल. जगभरच्या फाउंड्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरलं. तो भाजायला मामानं मामीचा ओव्हन वापरला. त्या दिवशीच्या मामीच्या बोलण्याचं मी शब्दांकन करत नाही.

कोळसा पेटला, ब्लोअर सुरू झाला, मुशीत जुन्या नळांचं पितळ. चाळीस मिनिटांनी रस तयार. मामानं पकडीनं मूस उचलली, साच्यात ओतली. भस्‌भस्‌ आवाज, वाफ. संध्याकाळी साचा फोडला तर चाक म्हणजे चाळणी! सगळीकडे फुगे.

दिवाळीत दुसरा प्रयत्न, तेच पितळ परत वितळवून आणि वर थोडे नवे नळ घालून. या वेळी फुगे कमी, पण एक आरा गायब. रस तिथपर्यंत पोचलाच नाही.

मामा पायरीवर बसून राहिला. मग हळूच म्हणाला, ‘आईचा गुंड वितळवून पाहतो. चांगल्या पितळेचा आहे.’

आजीचा गुंड. पाणी भरायचा, भंडाऱ्याचा, काठावर तिचं नाव कोरलेलं. बुडाशी गळतो म्हणून माळ्यावर ठेवलेला. मामाच्या मनात तो पहिल्यापासून होता, हे मला तेव्हा कळलं. तिचं विकलेलं इंजिन, तिच्याच पितळेत.

मामी दारातून म्हणाली, ‘दोन डाव फसले तुमचे. तो गुंड तिसऱ्या डावावर लावू देणार नाही मी. इंजिन गेलं ते गेलं. आता एवढंच आहे त्यांचं घरात.’

कुणीच काही बोललं नाही. मोबाइलवर मी तोवर ओतकामाचे पन्नासेक व्हिडिओ पाहिले होते. प्रत्येकात चाक पहिल्याच झटक्यात होत होतं.

मुठीतली वाळू

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत मी परत गेले, तेव्हा मामा म्हणाला, चल, भंडाऱ्याला जाऊ. आयुष्यभर ओतकाम केलेले एक काकाजी तिथे आहेत, कुणीतरी नाव सुचवलं होतं. मामानं पिशवीत दोन्ही गोष्टी घेतल्या, आरा गायब झालेलं चाक आणि गुंड. मामीला विचारून. ‘दाखवायला नेतो,’ म्हणाला. मामी ‘बरं’ म्हणाली, पण डोळे पिशवीवर.

काकाजींनी चाक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग विचारलं, ‘वाळू आनली का?’

मामानं आणली होती, डब्यात. त्यांनी मूठभर उचलली, दाबली, मूठ उघडली. लाडू झाला होता. तो दोन्ही हातांनी मोडला आणि तळवा आम्हाला दाखवला. तळवा ओला.

‘पानी जास्त. साचा पडंल म्हनून भेले तुम्ही.’

वाळूचा लाडू व्हावा, मोडला तर कडा स्वच्छ राहाव्यात, पण हाताला पाणी लागू नये. एवढीच परीक्षा. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशेपट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती रसातूनच वाट काढते, तेच आमचे फुगे. म्हणूनच मेणाच्या नमुन्यावर साचा करणारे कारागीर मातीत धानाचं तूस मिसळतात. साचा भाजताना तूस जळतं आणि मागे बारीक बारीक वाटा राहतात. आम्ही तुसाची राख भट्टीला लावली, पण तूस साच्यात का घालतात हे आम्हाला सुचलं नव्हतं. आमच्या वाळूच्या साच्यासाठी त्यांनी सोपा उपाय सांगितला. सायकलची तार घ्यायची आणि वरून साच्याला भोकं पाडायची, पॅटर्नच्या जरा अलीकडे थांबायचं.

‘आन्‌ हा आरा?’

मामा म्हणाला, रस हळू ओतला होता, उडू नये म्हणून.

काकाजी हसले. ‘येथीबी भेलेच. आधी भ्यायचं जी, तयारी करताना. सगळं तपासायचं, सगळं कोरडं करायचं. मूस उचलली का मंग भ्यायचं नाई. थांबलं का रस थांबते.’

मी गप्प बसून ऐकत होते. आपण नेमकं उलट करतो. तयारीच्या वेळी बिनधास्त आणि प्रेझेंटेशनच्या वेळी हात थरथरतात.

मग मामानं गुंड बाहेर काढला. विचारलं, हा वितळवला तर चाक चांगलं होईल का? काकाजींनी गुंडावर टिचकी मारली, काठावरचं नाव अंगठ्यानं पुसून वाचलं. म्हणाले, हे ठोकायचं पितळ, पत्र्याचं. याच्यात तांबं जास्त. नळाचं पितळ ओतायचं असतं, ते जास्त चांगलं वाहतं. चाकाला तेच बरं. आणि मग अगदी साधेपणानं म्हणाले, ‘याले कायले वितळवता? याले डाख देतो ना.’

अर्धा तास. बूड घासलं, तापवलं, डाख दिला, पाणी भरून पाहिलं. एक थेंब नाही. पैसे किती, तर दोन चहा. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत, एक नागपूरला, एक पुण्यात. ‘तुमच्याच लाइनीत हाये,’ मला म्हणाले. पुण्यात तो हिंजवडीत असेल, रोज माझ्याच ट्रॅफिकमध्ये अडकत असेल आणि मुठीतल्या वाळूची परीक्षा त्याच्यापर्यंत पोचली नसेल. परतीच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात हेच होतं. व्हिडिओत रस दिसतो, वाळू दिसते. तळव्याला लागलेली ओल दिसत नाही. ती सांगणारा माणूस वीस किलोमीटरवर होता आणि आम्ही सहा महिने स्क्रीनमध्ये शोधत होतो.

तिसरा डाव

दुसऱ्या दिवशी सकाळी. वाळू चाळली, पाणी शिंपडलं, मूठ दाबली, मोडली, तळवा बघितला. परत थोडी कोरडी वाळू. परत मूठ. मामानं हे सात-आठ वेळा केलं. सायकलच्या तारेनं भोकं. पकड, झारा, मूस, सगळं तापवून कोरडं. जमिनीवर कोरड्या वाळूचा थर. पाणी लागेल असं काहीही दहा फुटांत नाही. मग मामा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आता भिऊन झालं.’

मूस उचलली आणि एका दमात, न थांबता ओतली. राइजरमधून रस वर आला, थोडा थरथरला, शांत झाला. भोकांमधून निळसर ज्योती निघाल्या. वाफ बरोबर वाटेनं चालली होती.

साचा संध्याकाळी फोडला. सहा आरे. मोजले, परत मोजले. मामी हात पुसत बाहेर आली, तिनंही मोजले.

चाक लेथवर कातून झालंय. सव्वा किलो भरलं. बेअरिंगवर लावून हातानं फिरवलं की बराच वेळ फिरत राहतं. पिस्टन अजून व्हायचाय, व्हाल्व्ह अडकतोय, इंजिन चालायला आणखी एक-दोन लाँग वीकएंड लागतील. आजीचा गुंड मात्र पाणी भरून स्वयंपाकघरात परत बसलाय. मामा सकाळी त्यातलंच पाणी पितो. इंजिनाबद्दल तो आता मोकळेपणानं बोलतो, विकल्याबद्दलसुद्धा.

आरा गायब झालेलं चाक मी मागून घेतलं. ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंय, सगळे विचारतात. काल मामाचा फोन आला. मला वाटलं, ख्यालीखुशाली. तर म्हणतो, ‘पोरी, ते फसलेलं चाक आन ना परत. पंपाची पुली ओतायची आहे. सव्वा किलो पितळ टेबलावर ठेवून काय करतं?’

घरी करून बघायचंय?

* सुरुवात पितळेनं नको, अ‍ॅल्युमिनियमनं करा. आणि पहिल्यांदा कुणा जाणत्यासोबतच.
* वितळलेल्या धातूला पाणी म्हणजे स्फोट. हत्यारं आणि मुशीत घालायचा प्रत्येक तुकडा आधी तापवून कोरडा करा. आग विझवायला कोरडी वाळू, पाणी कधीच नाही.
* सिमेंटच्या फरशीवर ओतू नका. सांडलेल्या रसानं आतला ओलावा उसळतो आणि फरशी फुटून उडते. खाली कोरड्या वाळूचा थर हवाच.
* पितळेतून पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. त्यानं ताप भरतो. नळांच्या पितळेत शिसंही असतं. काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, मास्क लावून. लहान मुलं लांब.
* चामड्याचे बूट, सुती कपडे, चेहऱ्यावर शील्ड. सिंथेटिक टी-शर्ट आणि चपला घरातच राहू द्या.
* आणि हो, कोअर भाजायला स्वतःचा ओव्हन घ्या. मामीचा नको.